वेठीचा हिशेब

संपामुळे गाड्या बंद पडल्या की दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे 'जनतेला वेठीस धरले' म्हणून ठसठशीत अक्षरांत छापतात. मुलाने गृहपाठ कसाबसा उरकून वही मिटली, की घरातले वडील माणूस म्हणते, "ही कसली वेठ मारलीस?" आपल्या घराघरांतून हा शब्द असा सहज वावरत असतो, पण तो कोठून आला, कोणाच्या पाठीवरून आला, याची चौकशी आपण कधी करीत नाही.

शब्द फार जुना आहे. संस्कृतातील 'विष्टि' म्हणजे सक्तीने करवून घेतलेले फुकट काम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातदेखील विष्टीचा उल्लेख आहे. राजे बदलले, राज्ये बुडाली, नवी आली. पण वेठ मात्र सगळ्यांनी जशीच्या तशी पुढे चालविली. आता ज्याला घरचे काम टाकून दुसऱ्याच्या बांधावर नेऊन उभे केले आहे, ज्याला मोबदला मिळणार नाही आणि नकार दिला तर मार मात्र मिळणार आहे, तो त्या कामात जीव कशाला ओतील? तो ते उरकणारच. म्हणून 'वेठ मारणे' याचा अर्थ कामचुकारपणा असा झाला. गंमत पाहा, जुलूम केला मालकाने आणि भाषेत बदनाम झाला मजूर! शब्दकोशानेसुद्धा निकाल मालकाच्याच बाजूने लावला.

मला हा शब्द असा खुपू लागला तो डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत काम करू लागल्यापासून. मी व्यवसायाने वकील. आदिवासींच्या हक्कांचे काम करते, असे सांगितले की नातेवाइकांना वाटते, मी कोठेतरी मोठमोठी भाषणे करीत असेन. प्रत्यक्षात हे काम कारकुनाच्या कामासारखेच आहे. जमिनीचे दावे भरावयाचे, मजुरीचे हिशेब मांडावयाचे, रेशनकार्डावरील नाव आणि जातीच्या दाखल्यावरील नाव एकमेकांशी जुळवावयाचे, कचेरीत तारखांना हजर राहावयाचे आणि साहेब दौऱ्यावर आहेत हे ऐकून परत यावयाचे. 'मानवी हक्क' हे शब्द कागदावर भारदस्त दिसतात. पाड्यावर त्यांचा अर्थ बहुधा सात-बाराचा उतारा किंवा पाच दिवसांची राहिलेली मजुरी एवढाच असतो. पण या लहान कामामागे एक मोठा इतिहास आहे. तो याच भागात घडला आणि पुष्कळ वाचकांच्या आईवडिलांच्या हयातीत घडला. तो आज सांगावयाचा आहे.

मुंबईहून पश्चिम रेल्वेने निघाले की पालघर, बोईसर, वाणगाव मागे टाकीत गाडी डहाणू रोडला येते. रुळांच्या पश्चिमेला समुद्र, माडांची आणि चिकूंची वाडी, घोलवड-बोर्डीची टुमदार घरे. पूर्वेला मात्र चार कोस गेले की डोंगर सुरू होतात, आणि त्या डोंगरांच्या कुशीत वारली, कातकरी, धोडिया, दुबळा, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे विखुरलेले दिसतात. पूर्वी डहाणूच्या उत्तरेला उंबरगाव हा तालुका होता. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा त्यातील काही गावे गुजरातेत गेली, आणि जो भाग इकडे राहिला त्यातून पुढे तलासरी झाले. २०१४ च्या ऑगस्टपर्यंत हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. आता तो पालघर जिल्ह्यात आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी येथे दोन गोष्टी आणल्या: रेल्वे आणि जंगलचा कायदा. रेल्वेमुळे येथील साग आणि गवत मुंबईच्या बाजारात जाऊ लागले. शहरातल्या तबेल्यांना गवत हवे, बांधकामांना लाकूड हवे. ज्या डोंगराला कालपर्यंत किंमत नव्हती त्याला किंमत आली. जंगलच्या कायद्याने त्याच सुमारास वारल्याच्या कुऱ्हाडीपुढे हद्दीचा दगड रोवला. उरलेली जमीन कर्जाच्या कागदांवरून हळूहळू सावकारांच्या नावे चढत गेली. या सावकार-जमीनदारांत एकाच जातीचे किंवा धर्माचे लोक होते असे नाही. नफा जेथे असतो तेथे सर्व धर्मांचा समभाव असतो! वारली आपल्याच जमिनीवर कूळ झाला, आणि कूळ होताच तो वेठीचा धनी झाला.

ही वेठ कशी चाले ते समजून घेतले पाहिजे. पावसाळा लागला की वारल्याच्या घरातले धान्य संपे. मग तो सावकाराकडून 'खावटी' आणी, म्हणजे खाण्यापुरते भात. सुगीला ते दीडीने, कित्येकदा दुपटीने फेडावयाचे. फेडून झाले की घरात पुन्हा काही उरत नसे, म्हणून पुन्हा खावटी. दुसरा फास लग्नाचा. मुलीच्या बापाला देज द्यावयाचे, जातीला जेवण आणि ताडी द्यावयाची. त्यासाठी तरुण मुलगा सावकाराकडून पैसे घेई आणि त्या बदल्यात त्याच्या घरी गडी म्हणून राही. त्याला 'लग्नगडी' म्हणत. लग्न होताच बायकोही त्याच घरी राबू लागे. कर्ज कधी फिटे? हिशेबाची वही सावकाराकडे, आणि अक्षर ओळखणारा पाड्यावर कोणी नाही. तेव्हा कर्ज फिटल्याचे सांगणार कोण? पुष्कळांचे आयुष्य तसेच गेले. घरातल्या लेकीसुनांची अब्रूदेखील मालकाच्या मर्जीवर असे. सणाच्या अंकात याहून अधिक लिहिण्याची गरज नाही. वाचकांनी समजून घ्यावे.

हे सारे सरकारला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. येथेच आमच्या पेशाच्या दृष्टीने विचार करावयास लावणारी गोष्ट सुरू होते. १९३७ साली मुंबई इलाख्यात लोकांनी निवडून दिलेले बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्या सरकारने डोंगराळ भागातील आदिवासींची स्थिती पाहून अहवाल देण्यासाठी डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक केली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हे मानवी हक्क अधिकाऱ्याचेच काम. सिमिंग्टन यांनी ते प्रामाणिकपणे केले. जमीनदाराला लागेल तितके दिवस कुळाने कामाला गेले पाहिजे, कुचराई केली तर मार बसतो, आणि दिवसभराच्या कामाबद्दल फार तर एक आणा किंवा एका माणसाला एक वेळ जेमतेम पुरेल एवढा तांदूळ मिळतो, हे त्यांनी स्वच्छ लिहिले. लग्नगड्याची पद्धत म्हणजे गुलामगिरीच, हेही त्यांनी लपविले नाही. इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याच राज्याविरुद्ध दिलेली ही साक्ष होती.

हा अहवाल १९३९ साली छापून निघाला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले, नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि अहवाल दप्तरात गेला. वारल्याला तो वाचता येत नव्हता, आणि ज्यांना वाचता येत होता त्यांना घाई नव्हती. सहा वर्षे वेठ चालूच राहिली. अहवालात नोंद झालेला मजूर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच बांधावर उभा होता. कोणी म्हणेल, मग त्या अहवालाचा उपयोग काय? उपयोग होता, पण तो नंतर झाला, आणि वेगळ्याच लोकांच्या हातून झाला.

१९४५ च्या जानेवारीत कल्याणजवळ टिटवाळ्याला महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगाव तालुक्यातून काही वारली गेले होते. त्यांचा पुढारी माह्या धांगडा. या माणसांनी आपले गाऱ्हाणे तेथे सांगितले, आणि ते ऐकणाऱ्यांत शामराव परुळेकर आणि त्यांच्या पत्नी गोदावरी परुळेकर होत्या. गोदावरीबाई पुण्याच्या, माहेरच्या गोखले. १९०७ साली जन्मलेल्या. महाराष्ट्रातल्या स्त्रियांत कायद्याची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या समजल्या जातात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या सभासद होत्या. पुढे तो मार्ग सोडून पतिपत्नी दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले होते. एका सुखवस्तू ब्राह्मण घरातली वकील बाई डोंगरात पायी हिंडू लागली, वारल्यांच्या झोपडीत त्यांच्याबरोबर बसून मिळेल ते खाऊ लागली. लोक तिला आरंभी भीतभीतच पाहत. कारण पांढरपेशा माणूस पाड्यावर येतो तो काहीतरी न्यावयासाठीच, हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव होता.

२३ मे १९४५ या दिवशी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. सुमारे ५००० माणसे जमली. त्या काळी, त्या भागात, चार माणसे एकत्र बोलताना दिसली तरी मालकाचा मुकादम विचारपूस करी. तेथे ५००० लोक पायी चालत आले, यावरून तहान किती होती ते दिसते. परिषदेत निश्चय झाले ते अगदी थोडे आणि सुटसुटीत. जमीनदाराची किंवा सरकारी अंमलदाराची, कोणाचीही वेठ करावयाची नाही. रोजाचे रोख बारा आणे मिळाल्यावाचून मालकाच्या शेतावर काम करावयाचे नाही. कोणी मारावयास आला तर एकट्याने सोसावयाचे नाही. आणि एकजूट मोडावयाची नाही.

आता हिशेब पाहा. सिमिंग्टन यांनी एक आणा लिहिला होता. लोकांनी बारा आणे मागितले. मधल्या काळात युद्धाने महागाई वाढविली होती हे खरेच. पण मोठा फरक निराळा आहे. एक आणा हा आकडा एका साहेबाने पाहून लिहिला होता. बारा आणे हा आकडा ज्यांच्या अंगावरचा घाम त्यातून निघणार होता त्यांनी स्वतः तोंडाने उच्चारला होता. पहिल्या आकड्याने सरकारला माहिती मिळाली. दुसऱ्या आकड्याने मालकाला उत्तर द्यावे लागले.

परिषदेनंतर माणसांच्या टोळ्या गावोगाव हिंडल्या आणि सावकारांच्या घरी राबणाऱ्या लग्नगड्यांना 'चला, तुम्ही सुटलात' म्हणून बाहेर घेऊन आल्या. त्यासाठी कोणी कर्जाची रक्कम मोजली नाही, कोर्टाचा हुकूम आणला नाही. शतकभर जी गाठ सुटणार नाही असे वाटत होते ती काही आठवड्यांत सुटली. ही सोडवणूक कोणी पाहुण्याने केली नव्हती. गावची माणसेच दारात उभी राहिली, म्हणून आतला माणूस बाहेर आला. परका माणूस दारात आला असता तर तो गडी कोपऱ्यात आणखी अंग चोरून बसला असता, असे मला आजच्या माझ्या अनुभवावरून वाटते.

पुढे गवताचा हंगाम आला. दसरा-दिवाळीच्या दिवसांत या डोंगरांवरील गवत पिकते आणि ते वेळेवर कापले नाही तर मालकाचे वर्ष जाते. वारल्यांनी ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये दर मागितला आणि संप पुकारला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे बाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी हूल उठली. ती मालकांनीच उठविली, असे परुळेकरांनी पुढे लिहिले. हजारो आदिवासी हाती लागेल ते घेऊन तेथे धावले. पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली. त्यांत जेठ्या गांगड होता. तलासरीत आजही दर वर्षी १० ऑक्टोबरला त्या माणसांची आठवण करतात. ज्या दिवसांत आपल्या घरी फराळाची तयारी सुरू होते त्याच दिवसांत तलासरीत हा दिवस येतो.

गोळीबारानंतर सरकारने परुळेकर पतिपत्नींना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. पुढारी गेले की गर्दी पांगेल, हा सरकारी अंदाज. वाचकहो, या साऱ्या हकिकतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा आहे: पुढारी गेले आणि संप मोडला नाही. पाड्यापाड्यावरून निरक्षर माणसांनी तो चालविला. दुसऱ्या वर्षी जंगलतोडीच्या कामावर संप झाला, आणि नोव्हेंबर १९४६ मध्ये डहाणूजवळच्या महालक्ष्मी येथे लाकडाच्या व्यापाऱ्यांनी सव्वा रुपया रोज देण्याचे मान्य केले. एक आणा, बारा आणे, सव्वा रुपया: आठ वर्षांचा एवढा मोठा इतिहास या तीन आकड्यांत मावतो.

याच १९४५ साली आणखी एक काम येथे सुरू झाले त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नाही, ते गुरे घेऊन कुरणात जाते. तर शाळाच कुरणात नेऊ, म्हणून त्यांची 'कुरणशाळा' निघाली. त्यांचा मार्ग परुळेकरांहून अगदी वेगळा. पण सावकाराची वही ज्याला वाचता येत नाही तो कधी सुटत नाही, हे त्यांनी ओळखले होते. एकाच डोंगराला दोन्ही बाजूंनी वाट पडत होती म्हणावयाची.

गोदावरीबाईंनी या लढ्याची हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्या घरी ते असेल त्यांनी या सुट्टीत जरूर काढून वाचावे.

स्वराज्य आले. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना अमलात आली, आणि तिच्या २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली. या कलमाच्या मूळ इंग्रजी मजकुरात 'बेगार' हा आपला देशी शब्द तसाच ठेवलेला आहे. त्यावर इंग्रजी प्रतिशब्द पुरेसा पडेल असे घटनाकारांना वाटले नसावे! १९४८ चा कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणाऱ्याला जमिनीचा मालक करण्याची तरतूद झाली. १९७४ साली आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. १९७६ साली वेठबिगार पद्धती नष्ट करण्याचा कायदा संसदेने केला, आणि त्याने बिगाऱ्याचे सारे कर्ज एका फटक्यात रद्द ठरविले. झरीच्या लोकांनी ३१ वर्षे आधी जे केले तेच आता कायदा म्हणू लागला.

१९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे चालली होती आणि तेथील मजुरांना ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी मिळत होते. न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की, माणूस किमान वेतनाहून कमी पैशांत राबतो तेव्हा तो आपखुशीने राबत नाही. भूक त्याला राबविते, आणि भुकेची सक्ती हीही सक्तीच. म्हणून तीही वेठच. बारा आण्यांची मागणी करणाऱ्या माणसांना हा निकाल वाचून दाखविता आला असता, तर ती म्हणाली असती, हे तर आम्हांला ठाऊकच होते!

इतके कायदे झाल्यावर माझ्यासारखीला काम काय उरले? उरले आहे. दिवाळी झाली की डोंगरातले कित्येक पाडे ओस पडू लागतात. म्हातारी माणसे, कुत्री आणि एखादे कोंबडे मागे राहते. बाकीची घरे मुलाबाळांसह वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर निघून जातात. कातकऱ्यांत हे विशेष. पावसाळ्यात किंवा सणाला मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडावयास हंगामभर राबावयाचे. दर आठवड्याला पोटापुरती 'खर्ची' मिळते आणि हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. वही कोणाकडे? ती अजूनही दुसऱ्याकडेच. पुष्कळांचा हिशेब सरळ होतो, हे सांगितले पाहिजे. पण ज्यांचा होत नाही त्यांच्याकडून तो तोंडी ऐकावयाचा, किती हजार विटा पाडल्या आणि किती खर्ची घेतली ते मांडावयाचे, प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करावयाचा आणि मुक्तीचा दाखला मिळवावयाचा, हे आमचे काम. जुनी खावटी आणि नवी उचल यांत मला तरी नात्याचा फरक दिसत नाही. फार तर आजी आणि नात म्हणावे.

दुसरे काम जमिनीचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलजमीन पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्यांना ती आपल्या नावे करून घेण्याचा हक्क दिला. या कायद्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते: कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो, जुनी विहीर, बांध, पूर्वजांच्या दहनदफनाची जागा, हीही साक्ष चालते. सावकाराच्या वहीने जो शंभर वर्षे खोटा ठरला त्याच्या तोंडच्या शब्दाला प्रथमच कागदाचे मोल आले.

अशाच एका दाव्यासाठी तलासरीकडच्या एका पाड्यावर एका आजींचा जबाब घेत होते. वय विचारले. त्यांनी सांगितले की, लाल बावट्याच्या साली आपण आईच्या पाठीवर होतो. म्हणजे वर्षभराच्या असाव्यात. शक नाही, संवत नाही, इसवी सन नाही. झरीच्या परिषदेपासून त्यांची कालगणना सुरू होत होती! मी जबाबात तसेच लिहिले आणि कंसात १९४५ घातले. नंतर त्यांनी मला शेताच्या कडेचा आंबा दाखविला, बापाने लावला म्हणून; त्याचे नाव विचारले तर म्हणाल्या, बापाचे नाव लिही, आंब्याला कशाला नाव? जबाब वाचून दाखविल्यावर अंगठा उठविण्यापूर्वी त्यांनी मला थांबविले आणि आंबा लिहिला आहेस ना, एवढे विचारून घेतले. ही सावधगिरी पाहून मला बरे वाटले. आपले म्हणणे कागदावर बरोबर उतरले आहे की नाही हे तपासणारे माणूस सहजासहजी फसत नाही.

मध्यंतरी कामाच्याच निमित्ताने पोलंडमध्ये वॉर्सा येथे जाण्याचा योग आला. युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य संघटनेची मानवी हक्कांची कचेरी त्या शहरात आहे, आणि १९९४ पासून तिच्यात रोमा आणि सिंती या लोकांसाठी एक स्वतंत्र शाखा आहे. तेथे एका सभेत माझ्या शेजारी एक रोमा बाई बसल्या होत्या. आपल्या लोकांचे दावे चालविणाऱ्या, म्हणजे माझ्याच धंद्यातल्या. मी भारतातून आले म्हटल्यावर त्यांनी बोटे मोडीत अंक मोजून दाखविले: एक, दुय, त्रिन, श्तार, पांज. मग ग्लासकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'पानी.' आणि आपल्या छातीवर हात ठेवून, 'मनुष.' मला काय वाटले ते सांगणे कठीण आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी या लोकांचे पूर्वज हिंदुस्थानातून निघाले. धर्म बदलले, देश बदलले, पण पाण्याला पाणी आणि माणसाला माणूस म्हणावयाचे ते विसरले नाहीत. आणि त्या हजार वर्षांत त्यांना माणूस म्हणावयाचे मात्र पुष्कळजण विसरले.

त्यांची कथाही आपल्या वेठीच्या कथेला समांतर जाते. आजच्या रुमानियात वालाकिया आणि मोल्डाविया ही संस्थाने होती; तेथे रोमा लोक शतकानुशतके सरदारांचे आणि मठांचे गुलाम होते. तेथील गुलामगिरी १८५५-५६ मध्ये उठली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंप्रमाणेच रोमा आणि सिंतींचाही संहार केला. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झच्या छावणीतले त्यांचे उरलेले कुटुंबेच्या कुटुंबे मारण्यात आली. जर्मनीच्या सरकारने हा वंशसंहार होता असे मान्य केले ते १९८२ साली, म्हणजे ३८ वर्षांनी! २००७ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने झेक देशाविरुद्ध निकाल दिला, कारण तेथे रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळांत लोटले जात होते. तो खटला ऐकताना मला कोसबाडची कुरणशाळा आठवली. मूल शाळेत बसत नसेल तर मुलात खोट काढावयाची की शाळेत, हा प्रश्न डहाणूत दोन मराठी बायकांनी कितीतरी आधी सोडविला होता.

त्या बाईंनी सभेत जे मांडले ते थोडक्यात असे: आमच्याविषयी अहवाल पुष्कळ झाले, आता कचेरीत खुर्चीच्या अलीकडे नव्हे, पलीकडे आमची माणसे बसली पाहिजेत. मला सिमिंग्टन आणि झरी एकदम आठवले. भूगोल निराळा, पण धडा तोच. नोंद करणारा प्रामाणिक असला पाहिजे, ही पहिली पायरी. आणि ज्याची नोंद झाली त्याच्या हाती ती नोंद परत गेली पाहिजे, ही दुसरी. पहिल्या पायरीवरच आपण थांबलो तर उत्तम दप्तर तयार होते, एवढेच. तरीही पहिली पायरी लहान समजू नये. सिमिंग्टन यांचा अहवाल नसता तर वारल्यांची तक्रार म्हणजे चिथावणीखोरांनी रचलेली कहाणी, असे म्हणणे किती सोपे झाले असते! सरकारच्याच अधिकाऱ्याने ते आधी लिहून ठेवले होते, म्हणून ते तोंड बंद झाले.

आज डहाणू-तलासरीतून द्रुतगती महामार्ग, बुलेट ट्रेनचा मार्ग अशी मोठी कामे जात आहेत, आणि डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण येथे मोठे बंदर व्हावयाचे आहे. त्यांचे भलेबुरे ठरविणे हा या लेखाचा विषय नाही. पण प्रत्येक ठिकाणी मोजणीदार येतो, कागद पुढे करतो आणि सही मागतो. ज्या पाड्यावर चार पोरे तो कागद मोठ्याने वाचून दाखवितात, तेथे बोलणे निराळ्या आवाजात होते. अशी पोरे आता आहेत. आमच्याबरोबर काम करणारी एक वारली मुलगी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वीटभट्टीचे हिशेब ती माझ्याहून लवकर मांडते, कारण विटा पाडताना हात कसा भरून येतो हे तिला घरचेच ठाऊक आहे.

या दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वारली चित्रे असतील. भेटकार्डावर, पणतीवर, भिंतीवर, कुडत्याच्या काठावर. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेली ती माणसे तारप्याभोवती फेर धरून नाचतात. चित्र जरूर लावावे. फक्त मुलांनी विचारले की ही माणसे कोण, तर 'आदिवासी' एवढ्यावर उत्तर संपवू नये. ही माणसे एकदा २३ मेच्या उन्हात झरीला चालत गेली होती, त्यांनी आपल्या कामाची किंमत स्वतः ठरविली होती, आणि त्यासाठी जेठ्या गांगडासारख्यांनी प्राण दिले होते, हे सांगावे. गोष्ट मोठी नाही. पणत्या लावून होईपर्यंत सांगून होते.